निजलेलं बी

"तुझ्या माहेरचा घेवडा मेलेला आहे गं," सासूबाई म्हणाल्या, आणि मी हातातला कप बशीवर इतक्या जोरात ठेवला की चहा मेजावर सांडला. सकाळी सकाळी, अंगातली झोप धड गेलेली नसताना, कुणी तुमचं माहेर आणि 'मेलेला' हा शब्द एका वाक्यात बांधला तर काय होईल? माझं तेच झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात माझं माहेर नेहमी जरा खालच्या आवाजात निघतं. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना 'सून डोंगरातली आहे, पण शिकलेली' असं सांगतात, आणि त्या 'पण'वर मी आजवर किती वेळा दात आवळलेत ते माझं मला ठाऊक. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, सकाळी सकाळी काय हे?" "अरे, मी काय वाईट बोलले? दाणे भिजवले, फडक्यात घट्ट बांधले, वर झाकण ठेवलं. जन्मभर मोड आणलेत मी. याला मोड म्हणून येईना. घे, वास घे." त्यांनी ओलं फडकं माझ्या नाकाखाली धरलं. आंबूस, बुळबुळीत वास आला. तोंडावर आलेलं सगळं बोलणं मी गिळून टाकलं, कारण फडक्यातल्या दाण्यांकडे माझं लक्ष गेलं होतं आणि त्यांच्यावरून ते हलेना.

घेवडा आमच्याच संस्थेचा. डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्यांना टिकाऊ उपजीविका मिळवून देणारी आमची संस्था. तिथं मी दुभाषी. सगळे एकमेकांना ताई आणि दादा म्हणतात, एकाच डब्यातली बिस्किटं खातात, आणि पगाराच्या दिवशी नाती आपापल्या जागी जातात. मागच्या आठवड्यात सगळ्यांना एकेक पाकीट भेट मिळालं. वर 'डोंगराची माया' असं छापलेलं, आणि खाली एक हसरी म्हातारी. ती आमच्यातली नाहीच, कुठल्यातरी फोटोंच्या दुकानातून विकत घेतलेली म्हातारी आहे. पाकीट मी आणून ओट्यावर टाकलं आणि विसरून गेले. फोडलं सासूबाईंनी. आता फडक्यात ते दाणे फुगून पडले होते: काळे, पांढऱ्या डोळ्याचे, तांबडे, ठिपक्याठिपक्यांचे, राखी. एकूण एक टपोरा. एकाही दाण्याला सुरकुती नाही, एकही किडका नाही, एकही बारका नाही. असे दाणे माझ्या आईच्या पातेल्यात कधी पडले नाहीत. असे दाणे आमच्याकडे कुणी खातच नाही. वेलाच्या बुडाशी धरलेल्या पहिल्या शेंगा आई वेलावरच वाळू द्यायची, त्यांना आम्हा पोरांना हातसुद्धा लावू द्यायची नाही. मग उन्हात बसून एकेक शेंग उकलायची, दाणा बोटांत फिरवून बघायची, आणि मनाला आला तरच उजव्या बाजूला ठेवायची. मी लहान असताना त्यातला एक पांढऱ्या डोळ्याचा दाणा चघळायला तोंडात टाकला होता. तिनं माझा जबडा दाबून, आत बोट घालून तो बाहेर काढला, पदराला पुसला आणि परत उजवीकडे ठेवला. मग मला एक ठेवून दिली. तिच्या बोटाची मातकट चव मला आत्ता, चहाच्या कपापुढे, जिभेवर आली.

आमच्या भाषेत खायच्या घेवड्याला एक शब्द आहे आणि पेरायच्याला दुसरा. पेरायच्याला आम्ही 'निजलेला' म्हणतो. निजलेल्यापाशी मोठ्यानं बोलायचं नाही, असं आई आम्हाला सांगायची. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं, आम्ही घरात दंगा करू नये एवढंच असेल, पण मी खरंच त्या कोपऱ्यातनं चवड्यांवर चालत जायची. म्हणजे सासूबाईंच्या फडक्यात निजलेला होता. आणि तो मेला होता. मी फडकं हातात घेऊन उभी राहिले, बोटांतून चिकट पाणी ओघळत होतं, आणि मला त्या शब्दाची दुसरी वेळ आठवली. संस्थेतली वेळ.

पीक घरात आलं तेव्हाची गोष्ट. ताईंनी डोंगरातल्या बायकांची बैठक घेतली होती. ताई म्हणजे आमच्या प्रमुख. हातमागाच्या साड्या, चांदीचे मोठे झुमके, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायची सवय. त्या म्हणाल्या, तुमच्या घरात उंदीर आहेत, भुंगे आहेत, ओल आहे. बियाणं आमच्या गोदामात ठेवा, पेरणीच्या आधी परत घ्या, आम्ही बियाण्यांची बँकच काढलीय. पलीकडच्या डोंगरावरच्या बायकांनी ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि नाही म्हणून सांगितलं. ताई परतीच्या गाडीत खूप हसल्या होत्या. "एवढ्या अडाणी कशा राहतात गं?" असं मलाच विचारलं होतं, माझ्या मांडीवर हात ठेवून. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या डोंगरानं मात्र दिलं. माझी आई पुढे, तिच्यामागे सगळ्या. पोती उतरवून घेताना गोदामात मी उभी होते. आईनं एका बाजूच्या पोत्यांवर हात ठेवून सांगितलं, हे खायचं; दुसऱ्या बाजूला हात ठेवून सांगितलं, हे निजलेलं. मी सांगितलं, "ताई, या म्हणतात हे निजलेलं आहे. म्हणजे झोपलेलं. पेरलं की जागं होतं, त्याला—" ताईंनी हात वर केला. त्यांना पुढच्या बैठकीला उशीर होत होता. "कविता नको गं, माहिती सांग. थोडक्यात." "बियाणं," मी म्हणाले. थोडक्यात तेवढंच. पण त्यांच्या कानात आधीचा शब्द बसला होता. त्यांनी मागे वळून कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं: "त्या बाजूचं पडून राहिलेलं आहे, जुना साठा." मी म्हटलं, "ताई, जुना नाही, बियाणं आहे." "हो हो, कळलं मला," त्या म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन दाबला. त्या दाबण्याचा मला तेव्हाही राग आला होता. आता तर मला तो हात धुवून टाकावासा वाटला, आणि मी मोरीत जाऊन खरंच हात धुतले, साबण लावून, कितीतरी वेळ.

"काय झालं काय एवढं? मी दुसरे भिजवते," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर चिडलेय, आणि खरं म्हणजे होतेही, पण आता त्यांच्यावर चिडायला माझ्याकडे राग शिल्लक नव्हता. मी नवऱ्याला सांगितलं. आज दुपारी सभागृहात कार्यक्रम आहे, बियाणं परत द्यायचा. परदेशातनं पैसे देणारे पाहुणे आलेत. डोंगरातल्या बायका बसनं निघाल्यासुद्धा. आणि जर सगळंच बियाणं असं असेल तर? तो म्हणाला, "जर असेल तर. आधी बघ तरी. आणि हे बघ, तिथं जाऊन आरडाओरडा करू नकोस. नोकरी आहे ती. जरा सबुरीनं घे." सबुरीनं! लग्न झाल्यापासून मी सबुरीनंच घेतेय. या घरात सबुरीनं, त्या कचेरीत सबुरीनं. दोन भाषांच्या मधल्या फळीवर मी उभी असते आणि दोन्हीकडचे लोक येताजाता माझ्यावर पाय देऊन जातात, वर म्हणतात फळी फार छान आहे.

गोदाम शहराच्या टोकाला, टायरच्या दुकानांमागे. पत्र्याचं छप्पर, आत धुळीचा आणि तागाचा वास, एका कोपऱ्यात लोखंडी दाराची खोली. तिला सगळे भट्टी म्हणतात. माल दुकानात जायच्या आधी भुंगा मरावा म्हणून तो तिथं तापवतात. गोदामवाला स्टुलावर बसून रेडिओ दुरुस्त करत होता. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. "या या, दुभाषीबाई! आज तर तुमचा मोठा दिवस. टेम्पो गेलासुद्धा सभागृहाकडे, रिबिनी बिबिनी लावून." मी विचारलं, बियाण्याची पोती भट्टीत घातली होती का? "कुठली? बियाण्याची अशी वेगळी कुठं होती? एका बाजूला नवा माल आणि एका बाजूला जुना, असं मला सांगितलं. जुन्याला भुंगा आधी लागतो, म्हणून तो आधी तापवला. चांगला खरपूस." तो हसला. "मग दुकानवाल्यांना तोच आवडला, टपोरा ना! अर्धा तिकडे गेला. राहिलेला परवा म्हणाले बियाणं म्हणून छोट्या पाकिटांत भरा. मी म्हटलं भरू. आपल्याला काय, सांगतील ते भरायचं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "का हो? काही चुकलं का?" एखादं पाकीट शिल्लक आहे का, विचारलं. होतं. मी ते दातांनी फाडलं, एक दाणा घेतला आणि चावला. निजलेला दाणा चावला की आत जरा चिवट लागतो, दाताला धरतो. हा कट्कन फुटला, भाजल्यासारखा. मी तो गोदामाच्या फरशीवर थुंकले. गोदामवाला रेडिओ बाजूला ठेवून उभा राहिला.

बाहेर रस्त्यावर, टायरांच्या ढिगापाशी उभी राहून मी आईला फोन लावला. बसमध्ये गाणी चालली होती. आईला वाटतं फोनमध्ये ओरडलं तरच ऐकू जातं. "कुठे आहेस? जेवलीस का? आम्ही पोचतोच आता!" मी म्हटलं, "आई, घरात थोडं ठेवलंयस ना? निजलेलं? मूठभर तरी?" "काय?" "निजलेलं! घरात!" बसमधली गाणी मध्येच थांबली, का मला तसं वाटलं. "घरात कशाला? सगळं दिलं की. सगळ्यांनी सगळं दिलं. तू मध्ये होतीस ना, म्हणून दिलं. का गं?" पेरणी तोंडावर. आमचा घेवडा बाजारात मिळत नाही. तो आजीच्या आजीपासून हातातनं हातात आलेला, काळा पाण्याला टिकणारा, राखी उन्हाला टिकणारा, सगळे रंग मिसळून पेरायचे म्हणजे कुठल्याही वर्षी काहीतरी हाती लागतं. हा हंगाम चुकला तर मुलांच्या ताटात काय वाढायचं, आणि पुढच्या वर्षी काय पेरायचं? आणि आई बसमध्ये, खिडकीशी, नव्या चपला घालून, मुलीच्या कचेरीत सत्काराला येतेय. "काही नाही," मी म्हटलं, "ये तू." फोन बंद केला आणि तिथल्या एका टायरला लाथ मारली. पाय दुखला. परत मारली.

ताई सभागृहाच्या मागच्या खोलीत आरशासमोर झुमके घालत होत्या. मी सगळं सांगितलं, एका दमात, थोडक्यात. माहिती सांगितली, कविता केली नाही. त्या आरशातूनच माझ्याकडे बघत होत्या. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, आणि तेवढा एक क्षण मला वाटलं की आता ही बाई डोकं धरून खाली बसेल, आणि बसली असती तर मी तिला पाणी आणून दिलं असतं, खरंच दिलं असतं. पण त्यांनी दुसरा झुमका उचलला. "एका पाकिटावरून असं म्हणता येत नाही. रीतसर उगवण तपासून घेऊ ना आपण, पुढच्या आठवड्यात." "पुढच्या आठवड्यात पेरणी झालेली असेल, ताई." "मग नाही उगवलं तर नवं देऊ. सुधारित बियाणं घेऊ बाजारातून, त्याची सोय होईल. तू इतकी मनाला लावून घेऊ नकोस गं." "आमचा घेवडा बाजारात नाही." "हे बघ," त्या वळल्या, आणि माझा हात त्यांनी हातात घेतला, "आज पाहुणे आलेत. पुढची तीन वर्षं त्यांच्या पैशांवर आहेत. तुझ्याच लोकांसाठी ना हे सगळं? आज फक्त मी बोलेन ते सांग. बाकीचं मी बघते." माझा हात त्यांच्या हातात होता. सकाळी साबण लावून धुतलेला. मी तो काढून घेतला. ताईंनी तेवढंही पाहिलं नाही, त्या पदर नीट करत बाहेर गेल्या.

सभागृहात एसी इतका गार की माझ्या दंडावर काटा आला. डोंगरातल्या बायका स्टेजवर खुर्च्यांत ओळीनं बसवल्या होत्या. त्या सगळ्या स्वेटर घालून आल्या होत्या, कारण पहाटे डोंगरात थंडी असते. फोटोत स्वेटर चांगले दिसत नाहीत म्हणून कुणीतरी ते काढून घेऊन विंगेत ढीग केला होता. आई कुडकुडत होती आणि मला बघून हसत होती. तिच्या मांडीवर हिरव्या रिबिनीचं पाकीट. सगळ्यांच्या मांडीवर हिरव्या रिबिनीची पाकिटं, आणि त्यांवर त्या विकत घेतलेल्या म्हातारीचं हसू. मी माइकपाशी उभी राहिले. माझ्या तोंडात दोन्ही भाषा होत्या, नेहमीसारख्याच, पण आज त्या दोन्ही कडू लागत होत्या. मला शाळेतली बाई आठवली. वर्गात माझ्या भाषेत बोलले म्हणून तिनं मला बाकावर उभं केलं होतं, आणि आज त्याच भाषेचे मला पैसे मिळत होते, ती नीट गाळून, गोड करून, थोडक्यात दिली तर. ताई बोलायला लागल्या. त्या छान बोलतात. मातीवर बोलल्या, बाईच्या हातांवर बोलल्या. मी सांगत गेले. पाहुण्यांच्या कानाशी कुणीतरी इंग्रजीत सांगत होतं, ते माना डोलवत गेले. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही विश्वासानं ठेवलेलं तुमचं बियाणं आम्ही जपलं, स्वच्छ केलं, आणि आज तुमच्या हातात परत देतोय." आणि माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे आता तू.

मी आईकडे बघून आमच्या भाषेत म्हणाले, "ही म्हणते, तुमचं निजलेलं परत देते. पण हे निजलेलं नाही. यांनी ते भट्टीत घालून तापवलं. ते मेलंय. पेरू नका, मुलांना त्याच्या भरवशावर ठेवू नका. मला आज कळलं." माझा आवाज कापला नाही. कापेल असं मला वाटलं होतं. मी थांबले, आणि मी थांबले म्हणजे भाषांतर झालं असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनीही वाजवल्या. भरघोस टाळ्या. स्टेजवरच्या बायकांतली एकही हलली नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं, माइक उचलून त्या टाळ्यांमध्ये फेकावा.

मग आईनं रिबीन सोडली. सावकाश, गाठ न तोडता, तिला तशीच सवय आहे. एक दाणा तोंडात टाकला, चावला. तो तिनं थुंकला नाही. तळहातावर काढला, दोन तुकडे झाले होते, ते बघितले आणि पदराला पुसले. का पुसले? पुसून ठेवणार कुठे होती? ते बघताना मी टेबलाची कड धरली. ती उठली आणि बोलायला लागली. मोठ्यानं, फोनवर बोलते तसं. पाहुणे कौतुकानं पुढे झुकले. फोटोवाला पुढे आला. ताई माझ्याजवळ सरकून कुजबुजल्या, "किती भावुक झाल्यात! काय म्हणताहेत? सांग ना सगळ्यांना. थोडक्यात सांग."

"थोडक्यात सांगते, ताई," मी माइकमध्ये म्हणाले. "माझी आई म्हणतेय, बियाणं मेलंय. आम्ही ते सांगून दिलं होतं, हात ठेवून दिलं होतं. ते कुणी मारलं, त्याचं तोंड तिला बघायचंय." टाळ्यांना वर आलेले हात तसेच राहिले. पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईनं आपल्या शेजाऱ्याला विचारलं आणि त्यानं खांदे उडवले. ताईंचा चेहरा पांढरा पडला. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू, झाला. पण तो आनंद लगेच विरला, कारण पांढऱ्या चेहऱ्यातून काही उगवत नाही. त्या दात आवळून म्हणाल्या, "काय केलंस हे? बंद कर तो माइक!" तोवर बायका उठल्या होत्या. कुणी ओरडलं नाही. विंगेत जाऊन त्यांनी ढिगातून आपापले स्वेटर शोधले, एकीचा दुसरीला दिला, बटणं लावली. पाकिटं खुर्च्यांवर तशीच, ओळीनं. आपापसात भराभर बोलत होत्या: आत्ताची बस मिळाली तर उजेडात पलीकडच्या डोंगराखाली उतरता येईल, तिथं कुणाची मावशी, कुणाची नणंद, घरटी मूठमूठ दिलं तरी एक वाफा होईल, एका वाफ्याचं जपलं तर पुढच्या वर्षी दोन. दिलं तर. त्यांनी ताईंना नाही म्हटलं तेव्हा आपणही त्यांना हसलो होतो, एक जण म्हणाली. देतील, दुसरी म्हणाली, शिव्या देतील आणि मग देतील. ताई माझा दंड धरून विचारत होत्या, "कुठे निघाल्या त्या? कार्यक्रम संपला नाही अजून! त्यांना सांग, थांबायला सांग!"

"बी मागायला निघाल्या," मी म्हणाले. "पलीकडच्या डोंगरावर. तुम्हाला ज्यांनी दिलं नाही, त्या अडाण्यांकडे."

आई सगळ्यात शेवटी. स्वेटरच्या बाहीत हात घालता घालता ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता एक ठेवून देईल. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग ताईंच्या माझ्या दंडावरच्या हाताकडे बघितलं, आणि विचारलं, "येतेस का?" अगदी हळू, निजलेल्यापाशी बोलावं तसं. दंडावरची पकड घट्ट झाली. "आता काय म्हणाल्या त्या?" ताईंनी विचारलं. "सांग ना, काय म्हणाल्या?"

"ते माझ्यासाठी होतं," मी म्हणाले, आणि माइक टेबलावर ठेवला.